ओट्याचं माप

टेपचं एक टोक मामांनी भिंतीशी दाबून धरलं, दुसरं भाचीने ओट्याच्या कडेपर्यंत ओढत नेलं. खोली ३ फूट ४ इंच, उंची २ फुटांना बोटभर कमी. ओट्याची दगडी कड एका जागी हातभर झिजून खोलगट झाली आहे आणि नेमकी तिथेच रोज सकाळी सातला गजरेवाली टोपली टेकवते. मापं चालू होती तेव्हाही ती बसलेली होतीच. तिने टोपली जराशी उचलून टेप खालून जाऊ दिला आणि पुन्हा शेवंती निवडायला लागली.

पुण्यातल्या नारायण पेठेतला हा वाडा पुढल्या वर्षी पाडायचा आहे. तीन भावांच्या आणि सात भाडेकरूंच्या सह्या झाल्या आहेत. विकसकाने दिलेल्या नकाशात सबंध तळमजला पार्किंगचा, रस्त्याकडे सरकतं लोखंडी फाटक आणि वर पाच मजले. मामा तीन भावांतले थोरले. वय ७४, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले स्थापत्य अभियंते. भाची आर्किटेक्ट. ती दुसरा नकाशा काढून घेऊन आली आहे आणि तिच्या नकाशात ओटा आहे.

“ओटा गेला तर नक्की काय बिघडणार, ते मला आकड्यांत सांग,” मामा म्हणाले. “आठवणी नको सांगूस. त्या माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त आहेत.”

भाचीने आकडेच सांगितले. आदल्या दिवशी ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दारं मोजत चालली होती. जुन्या बाजूला शंभर पावलांत चौदा दारं लागली. वाड्यांचे दरवाजे, पिठाची गिरणी, शिंपी, इस्त्रीवाला, छत्र्या दुरुस्त करणारा, दुधाची डेअरी. समोरच्या बाजूला तीन नव्या इमारती झाल्या आहेत, तिथे तेवढ्याच अंतरात तीन फाटकं. रस्त्यावर माणसं कशी चालतात, कुठे थांबतात, हे मोजण्यात डेन्मार्कचे यान गेल यांनी आयुष्य घातलं. शंभर मीटरमागे पंधरा ते वीस दारं असली की रस्ता चालणाऱ्याला जिवंत वाटतो, असा त्यांचा हिशेब. चालण्याच्या वेगाने मग दर पाचेक सेकंदांना डोळ्यांपुढे काहीतरी नवं येत राहतं.

“अंतर दोन्हीकडे तेच आहे, मामा. पण समोरून गेलं की लांब वाटतं. तुम्हीसुद्धा दूध आणायला याच बाजूने जाता.”

“मी या बाजूने जातो, कारण तिकडे फाटकांतून गाड्या अंगावर येतात.”

“मग मी वेगळं काय म्हणतेय?”

ही चौदा दारं कुणी आखून ठेवली नव्हती. पेठा वसत गेल्या तेव्हा रस्त्याला लागलेल्या प्रत्येक फुटाला मोल होतं, म्हणून जागा पुढून अरुंद आणि मागे खोल पडल्या, वाडे एकमेकांना खेटून उभे राहिले. पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आलं आणि ठिकठिकाणी हौद झाले. पाणी, देऊळ, मंडई, सगळंच पायी पोचण्याच्या टप्प्यात असायला हवं होतं, कारण बहुतेकांजवळ पायांखेरीज दुसरं वाहन नव्हतं. घराची मांडणीही चालत येणाऱ्या माणसाच्या बेताने झाली. आधी ओटा, मग दिंडी दरवाजा, त्याच्या आत देवडी, पुढे चौक, चौकाभोवती ओसरी आणि त्यापलीकडे माजघर, स्वयंपाकघर, शेवटी परसातली विहीर. सागवानी खांबांची आणि महिरपींची नक्षी लोक कौतुकाने पाहतात. भाचीच्या मते वाड्याची खरी हुशारी या टप्प्यांत आहे. पोस्टमन ओट्यापर्यंत, हिशेब घेऊन आलेला वाणी देवडीपर्यंत, सोयरा ओसरीवर. रस्ता संपून घर सुरू व्हायला तीस-चाळीस फूट लागतात आणि त्या तीस-चाळीस फुटांत शेजार घडतो, असं ती सांगत होती.

मामांनी तिला मध्येच थांबवलं. “हे टप्पे कुणासाठी कुठे संपायचे तेही सांग ना. माझ्या आजोबांच्या वेळी ओट्याच्या खाली, रस्त्यात उभं राहून बोलणारी माणसं होती. त्यांना ओट्यावरही बस म्हणत नसत. ती माणसं कोण, हे तुला सांगायला नको. तू ज्याला हुशारी म्हणतेस, तिचाच वापर माणसं बाहेर ठेवायला झाला.”

यावर भाची काही बोलली नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. पेठांची नावं घेऊन गहिवरणाऱ्या लेखांतून हा मुद्दा बहुतेक वेळा गाळला जातो, तो मामांनी घरच्या उंबऱ्यावर बसून मांडला, हे बरं झालं.

मग मामांनी आपली बाजू मांडली. त्यांच्या लहानपणी दहा बिऱ्हाडांत दोन संडास होते. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. मुठेचं पाणी पेठेत शिरलं, आणि जोत्यापर्यंतचा दगड टिकला तरी वरच्या पांढऱ्या मातीच्या भिंती साखरेसारख्या विरघळल्या. शेजारचा वाडा त्यांनी बसताना पाहिला. आधी आवाज, मग धूळ नाहीच, नुसता चिखल. हा मुलगा पुढे धरणांच्या खात्यात गेला, त्याचं मूळ त्या दिवसात आहे. सिमेंटच्या खांबाबद्दल त्यांच्या मनात जो विश्वास आहे तो वाचून आलेला नाही.

आणि पडझडीचं खापर नुसतं पुरावर फोडता येत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना तो आधारच होता. पण पुढे पन्नास वर्षं तेच भाडं राहिलं आणि मालकाला कौलं चाळायचेही पैसे सुटेनात. १९९९ चा नवा कायदा आला तोवर तुळया वाळवीने पोखरल्या होत्या. “वाडा सुंदर असतो तो कुणीतरी त्याचा खर्च करतं तोवर,” मामा म्हणाले. “आमच्याकडे तो कुणी करू शकत नव्हतं.”

“वाडा वाचवा असं मी म्हणतच नाहीये,” भाची म्हणाली. “पाडूया. नवीन बांधू त्यातले पहिले दहा-बारा फूट कसे असावेत, एवढंच माझं म्हणणं आहे.”

एवढ्यात मामी चहा घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

“ओट्याचं चाललंय होय?” त्या म्हणाल्या. “मी एकोणीसशे शहात्तर साली या घरात आले. सासूबाई होत्या तोवर मी ओट्यावर बसल्याचं मला आठवत नाही. ओटा पुरुषांचा. आमच्या गप्पा मागे, विहिरीपाशी. रस्ता मी पाहिला तो माडीच्या खिडकीतून. गणपतीच्या मिरवणुकासुद्धा तिथूनच.”

भाचीने वही बाजूला ठेवली. “मग मामी, नव्या घरात तुम्हाला काय हवं?”

“लिफ्ट हवी. आणि खाली एक खोली हवी. वरच्या मजल्यावर गेलं की खाली कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही. माझी बहीण सातव्या मजल्यावर राहते. दार लावलं की दिवस संपला तिचा.”

मामींना ठाऊक नव्हतं, पण हे म्हणणं नगररचनेच्या पुस्तकांत आकड्यांनिशी आलेलं आहे. पाचव्या मजल्याच्या वर गेलं की घराचा रस्त्याशी संबंध तुटतो, असं गेल यांनीच नोंदवलं आहे. तिथून चेहरा ओळखू येत नाही आणि हाक पोचत नाही. आणि ज्या १९६१ साली पानशेत फुटलं त्याच वर्षी अमेरिकेत जेन जेकब्स यांचं शहरांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. खिडक्या-दारांतून रस्त्यावर राहणारी नजर हीच रस्त्याची राखण, असं त्यात मांडलेलं होतं. माडीच्या खिडकीतल्या सुनेला त्या राखणीचं श्रेय कधी कुणी दिलं नसेल.

मामांनी चहा संपवून बेलापूर काढलं. गेल्या दिवाळीत भाचीच त्यांना तिथे घेऊन गेली होती. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक असलेले चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात बांधलेली ती वसाहत आर्टिस्ट व्हिलेज या नावाने ओळखली जाते. सुमारे साडेपाचशे घरं, सगळी बुटकी, जमिनीला धरून. सात घरांमध्ये मिळून एक अंगण, साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचं. असे तीन गट एकत्र आले की २१ घरांचं १२ मीटरचं मोठं अंगण. प्रत्येक घर सुटं, भिंत शेजाऱ्याला न चिकटलेली, म्हणजे ज्याला वाढवायचं त्याने आपापलं वाढवावं. आणि प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर एवढ्याच फरकाचे. कमी उत्पन्नाचा आणि जास्त उत्पन्नाचा माणूस एकाच अंगणात यावा, यासाठी हे मुद्दाम केलेलं.

“आणि आपण काय पाहिलं?” मामा म्हणाले. “कौलारू उतरती छपरं शोधावी लागली. कितीतरी घरं पाडून लोकांनी तीन-तीन मजले चढवलेत, टाइल्स लावल्यात. तुमच्या एवढ्या मोठ्या आर्किटेक्टचं घर राहणाऱ्यांना नकोच होतं.”

“घर नको झालं, कबूल. अंगण कुणी बुजवलं?”

मामा आठवू लागले. एका अंगणात दोन बायका वाळवण राखत बसल्या होत्या. एकात पोरांचं क्रिकेट, विटांचे स्टंप. वळणावर त्यांना धाप लागली तेव्हा कुणाच्या तरी पायरीवर ते बसले होते आणि आतून पाणी विचारलं गेलं होतं. गाड्या होत्या, पण वसाहतीच्या कडेला, आणि काही अंगणांत घुसलेल्याही.

“घुसलेल्या होत्या,” भाचीने मान्य केलं. “१९८३ साली कमी पगाराच्या घरी चारचाकी येईल असं कुणाच्या मनात नव्हतं. पण बघा, छप्पर बदललं, दगड-विटा बदलल्या, मालकसुद्धा बदलले. मधली मोकळी जागा आणि तिच्याकडे तोंड करून असलेली दारं, एवढंच चाळीस वर्षं टिकलं. मला तेच टिकवायचंय. घर कसं दिसावं, यावर माझा काडीचा आग्रह नाही.”

इथे भाचीचं म्हणणं पटण्यासारखं आहे. ‘पारंपरिक’ घर म्हटलं की आपल्याकडे सिमेंटच्या इमारतीला लाकडी दिसणाऱ्या महिरपी चिकटवतात, फाटकावर तुतारी कोरतात, नावात ‘वाडा’ घालतात. रस्त्याकडे मात्र तीच आंधळी भिंत. याच्या उलट उदाहरण इंदूरच्या अरण्य वसाहतीचं. बाळकृष्ण दोशी यांनी ती आखली. ते १९२७ साली पुण्यातच, मोठ्या एकत्र कुटुंबात जन्मलेले. अरण्यमधले साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट बहुतांशी गरिबांसाठी होते. पुष्कळांना जोतं, नळ, संडास आणि एखादी खोली एवढंच मिळालं, पुढचं ज्याचं त्याने बांधायचं. नमुन्यासाठी दोशींनी ८० घरं बांधून दाखवली. त्यांत घरासमोर ओटा होता, जिना बाहेरच्या बाजूने चढत होता, वर छोटी गच्ची होती. पैसे इतके मोजके असताना ओटा गाळला नाही, ही त्यातली पाहण्यासारखी गोष्ट. १९९५ साली आगा खान पुरस्कार मिळाला तो या वसाहतीला.

भाचीच्या लॅपटॉपवर आणखी एक गाव होतं, अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचं सीसाइड. १९८१ पासून ८० एकरांत वसवलेलं. गाड्यांसाठी पसरलेल्या उपनगरांना वैतागून तिथे जुन्या गावांसारखे अरुंद रस्ते आखले. घरापुढे पोर्च आणि बुटकं लाकडी कुंपण हवंच, असा नियम केला. मामांनी फोटो पाहिले, किमती विचारल्या आणि लॅपटॉप मिटला. सीसाइड आता सुट्टीतल्या श्रीमंतांचं गाव झालं आहे. जो पोर्च शेजाऱ्यांनी भेटावं म्हणून बांधला तो वर्षातले बरेच दिवस भाड्याने जातो. “चालण्यासारखी गल्ली इतकी कमी झाली की ती विकत घ्यावी लागते,” एवढंच मामा म्हणाले. यावर दोघांचं एकमत झालं आणि विषय परत गल्लीत आला.

खरा अडसर गाड्यांचा होता. दहा बिऱ्हाडांपैकी सहा जणांकडे चारचाकी आहे. दुचाक्या वेगळ्याच. भाचीच्या नकाशात रस्त्याकडचा बारा फुटांचा पट्टा गाड्यांना दिलेला नाही. तिथे इस्त्रीवाल्याचा आणि शिंप्याचा गाळा, एक खोली, आणि मधोमध देवडीसारखा रुंद बोळ. माणसं आणि गाड्या त्याच बोळातून आत जातात आणि पार्किंग मागे.

“चार गाड्या कमी बसतात,” मामांनी नकाशावर बोट ठेवलं. “त्या चार जणांना तू सांगणार का?”

“दोघांच्या गाड्या आठवड्यातून एकदा निघतात. तुमचीसुद्धा.”

“आठवड्यातून एकदा निघते म्हणून फेकून देऊ? तुझ्या मामीला रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायचं झालं तर?”

हा प्रश्न वादासाठी केलेला नव्हता. गेल्या वर्षी तशी रात्र येऊन गेली होती. भाचीने लगेच एक जागा दाराशी, सगळ्यांच्या सोयीसाठी म्हणून आखून दाखवली. तरी तीन गाड्या उरल्याच. त्यांचं उत्तर नकाशात नव्हतं, आणि खरं तर एका घराच्या नकाशात ते असूही शकत नाही. बस वेळेवर येत नसेल, पदपथावर दुकानांचे फलक आणि दुचाक्या असतील, तर माणूस गाडी ठेवणारच. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं. कागदावर ते चांगलं आहे. आपल्या गल्लीत ते कुठे आहे, असं मामांनी विचारलं, तेव्हा भाचीला खाली पाहावं लागलं.

मग तिने शेवटचा मुद्दा काढला, आणि तो आर्किटेक्टचा नव्हता, अभियंत्याचा होता.

“मामा, भूजच्या भूकंपानंतर अहमदाबादेत कुठल्या इमारती बसल्या?”

मामा थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. २६ जानेवारी २००१. अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर, तरी तिथे इमारती कोसळल्या, आणि त्यांत तळमजला नुसत्या खांबांवर उभा असलेल्या इमारती पुष्कळ होत्या. वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती, त्यामुळे वरचा भाग एखाद्या खोक्यासारखा ताठ. खाली भिंतच नाही. जमीन हलली की सगळं वाकणं त्या एका मजल्यावर येतं. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात त्यानंतर, २००२ साली, अशा मजल्याचे खांब अडीचपट बळासाठी धरावेत, अशी तरतूद आली.

“अडीचपट,” मामा स्वतःशीच म्हणाले. “तो हिशेब या नकाशात केलाय का, ते मी विचारलं नाही.” ते पुन्हा नकाशावर वाकले. “पण तुझ्या पुढच्या दोन भिंतींनी काम भागणार नाही. पुढे भिंती आणि मागे मोकळं ठेवलंस तर इमारत पिळवटेल. मागच्या बाजूला लिफ्टभोवती काँक्रीटची भिंत घे. दोन्हीकडून धरली पाहिजे.”

भाचीने ते लिहून घेतलं. तासाभरात पहिल्यांदाच मामांनी तिच्या नकाशात भर घातली होती.

मामी अजून उंबऱ्यातच होत्या. खालच्या खोलीला खिडकी रस्त्याकडे असेल, तर येणारा-जाणारा आत डोकावेल, ही त्यांची शंका. भाचीने जोत्याची उंची दाखवली. खोलीची जमीन रस्त्यापासून २ फूट वर घेतली, तर आत खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे चालणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा किंचित वर येतात. आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्याला आतली फक्त तुळई आणि पंखा. जुन्या ओट्याची उंची २ फुटांच्या आसपास का, याचं एक उत्तर इथे सापडतं.

“आणि ते २ फूट मी चढू कसा?” मामांनी गुडघ्यावर हात ठेवला. “चार पायऱ्या झाल्या. आज जमतात. पाच वर्षांनी?”

यावर भाचीजवळ तयार उत्तर नव्हतं. जोतं उतरवलं तर खिडकी जाते, जोतं ठेवलं तर मामा जातात. मामांनीच तिच्या हातून पेन्सिल घेतली. “एकास बाराचा उतार. २ फुटांना २४ फूट. तुझा बोळ केवढा लांब आहे?”

“बत्तीस.”

“मग बोळाच्या भिंतीला लागून चढत जाऊ दे. वर सपाट वळायला जागा ठेव, चाकाची खुर्ची फिरली पाहिजे. आणि कठडा दोन्ही बाजूंना.” त्यांनी पट्टीशिवाय रेघ ओढली, ती सरळ आली. “ओटा तेवढा कमी कर. बोळ रुंद करायला लागेल. पुढे दीड फूट पुरे.”

“दीड फुटावर कुणी बसत नाही, मामा. पोर्च आणि बाल्कन्या ६ फुटांहून कमी खोल असल्या तर वापरल्या जात नाहीत, असं ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९७७ सालीच लिहून ठेवलंय.”

“हा ओटा ३ फूट ४ इंच आहे. यावर लोक बसलेत.”

गजरेवालीने मान वर केली. इतका वेळ ती ऐकत होती. “दीड फुटात माझी टोपली नाही मावणार, दादा,” ती म्हणाली. “टोपलीच्या मागे मला पाय घ्यायला लागतात.”

मामांनी टेप पुन्हा उघडला. टोपलीची रुंदी त्यांनी मधोमध धरून मोजली, २२ इंच. मग तिला म्हणाले, “बस बरं नीट, रोज बसतेस तशी,” आणि भिंतीपासून टोपलीच्या पुढच्या कडेपर्यंत टेप लावून आकडा वाचायला चष्मा कपाळावरून खाली ओढला.